येनचं टेबल

भय्याजींच्या दुकानात लागली तेव्हा रिताला परदेशी नोटा म्हणजे सिनेमात बॅगेत भरून नेतात तेवढ्याच माहीत होत्या. पवनीच्या कॉलेजातून ती बी.कॉम. झाली होती. नागपूरला मावशीकडे राहून टायपिंगच्या क्लासला जायची. सीताबर्डीच्या एका गल्लीत ‘मुलगी पाहिजे, हिशेब यायला हवा’ अशी पाटी दिसली आणि ती जिना चढून वर गेली. वर एक लांबट, अरुंद खोली होती. काचेमागे जाडसर भय्याजी बसले होते आणि त्यांच्या मागे फळ्यावर देशांची नावं खडूने लिहिलेली होती. प्रत्येक देशापुढे दोन भाव, एक घेण्याचा आणि एक विकण्याचा.

भय्याजींनी तिचे मार्क विचारले नाहीत. “बेटा, डोळे मिट,” म्हणाले आणि तिच्या हातात दोन कागद ठेवले. “एक असली नोट आहे, एक झेरॉक्स. कोणती असली?”

रिताने दोन्ही कागद बोटांनी चाचपले आणि डावा हात पुढे केला.

“उद्यापासून ये,” भय्याजी म्हणाले.

त्या खोलीत तिची बरीच वर्षं गेली. रशियाला डॉक्टर व्हायला निघालेली पोरं डॉलर न्यायला यायची आणि त्यांचे बाप ती पाकिटं स्वतःच्या खिशात ठेवायचे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आज्या नोटेवरच्या माणसाचं नाव विचारायच्या. मक्केला उमऱ्याला जाणारे म्हातारे रियाल घेऊन ते कपाळाला लावायचे. भय्याजी प्रत्येकाला चहा पाजायचे. पावती स्वतः वाचून दाखवायचे आणि जाताना न चुकता सांगायचे, “सगळे पैसे एका खिशात ठेवू नका.” रिताला ते काम आवडायचं. माणूस कुठे निघालाय हे त्या खोलीत सगळ्यांत आधी कळायचं, कधी कधी घरच्यांच्याही आधी.

पण तिला सगळ्यांत जास्त आठवतात ते फेब्रुवारीचे दिवस.

पवनीजवळच्या महास्तूपाला दर फेब्रुवारीत मोठा मेळा भरतो आणि जपानहून यात्रेकरू येतात. पवनीत त्यांच्या नोटा घेईल असं कुणी नव्हतं. भय्याजींनी रीतसर परवानगी काढली आणि मेळ्याच्या दिवसांत तिथे टेबल लावायचं ठरवलं. कुणाला पाठवायचं, हा प्रश्नच नव्हता. रिता जवळच्या आसगावची होती.

एक लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, कुलपाची पेटी, नोटा तपासायचा निळा दिवा आणि जपानीत लिहिलेली पाटी. पाटी नागपूरच्याच अमरने लिहून दिली होती. अमर जपानी शिकून गाइड झाला होता आणि यात्रेकरूंच्या बसबरोबर तोच यायचा. टेबल कुंताबाईच्या चहाच्या टपरीला लागून मांडलं होतं.

पहिल्याच दिवशी रिताचे वडील, तुलाराम, आसगावहून लुनावर आले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांवर वाळून पांढरा पडलेला चिखल, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काठी.

“बाबा, तुम्ही कायले आले?”

“पैशाच्या पेटीजवळ पोरगी एकटी बसून राहिली, अन् मी घरी राहू का?” ते म्हणाले आणि टेबलाशेजारी उकिडवे बसले.

“उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे ना?”

“तुही माय पाहून राहिली तिकडं. तिच्यापुढं माहं काय चालते?”

पहिले काही यात्रेकरू आले, तसे तुलाराम मान वाकडी करून बघू लागले. एका बाईने दहा हजार येनची नोट दिली. रिताने ती दिव्याखाली धरली, पासपोर्टवरून अर्ज भरला आणि पाच हजारांच्या आसपास रुपये मोजून दिले. बाई दोनदा वाकून गेली. ती लांब गेल्यावर तुलाराम हळूच म्हणाले, “पोरी, तिनं दहा हजार देल्ले, तू पाच देल्ले. अन् ते वाकून नमस्कार करून गेली. ठगवून त नाही राहिले ना तुम्ही तिले?”

रिताने त्यांना भाव समजावला. तिकडचे हजार वेगळे आणि आपले वेगळे, रोज तो आकडा वरखाली होतो, आणि घेण्या-विकण्याच्या भावातला थोडा फरक दुकानाचा. तुलारामनी काठीने मातीत दोन रेघा ओढल्या. मग त्यांचं त्यांनाच उमगलं.

“म्हणजे तुमसरच्या मिलवर धान देल्ला का तांदूळ कमी भरून येते, तसं. कोंडा मिलवाल्याचा.”

“हो बाबा, तसंच.”

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी काठी आडवी ठेवून दिली.

दुपारी एक म्हातारा आला. बुटका, रुंद खांद्यांचा, डोक्यावर कापडी टोपी. त्याने नोट आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केले. रिताने सवयीने नाव मोठ्याने वाचलं, “मोरी.”

टपरीवरच्या बाया फिसकन हसल्या. घरातल्या आंघोळीच्या जागेचं नाव माणसाला असू शकतं, हे त्यांना नवीन होतं.

“हासता कायले?” तुलाराम त्यांच्याकडे वळून म्हणाले. “नहराले मोरी नसली त पानी धानाच्या बांधीत जाईन कोठून?”

अमर जवळच उभा होता. त्याने सांगितलं की जपानीत मोरी म्हणजे जंगल.

“जंगल? मंग त हा आपल्याच झाडीपट्टीतला मानूस झाला.”

मोरींना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी हाताच्या खुणेने लहान नोटा मागितल्या, म्हणून रिता दहाच्या नोटांचं पुडकं सोडत होती. तेवढ्यात मोरींची नजर खाली गेली आणि तुलारामच्या पोटऱ्यांवर थांबली. ते वाकले. एका बोटाने त्यांनी तो वाळलेला चिखल खरवडला, अंगठ्यावर चोळून पाहिला आणि नाकाजवळ नेला. तुलाराम अवघडून पाय मागे घेऊ लागले. तेवढ्यात मोरींनी उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणली आणि हवेत खाली टोचली. पाऊल मागे घेऊन पुन्हा टोचली. परत मागे, परत टोचली.

ज्याने जन्मात एकदा तरी धान रोवलाय, त्याला ही खूण ओळखायला दुभाषा लागत नाही. तुलाराम ताडकन उठले.

“हा त कास्तकार हाय गा.”

पुढचं रिताने पाहिलं नाही, कारण नवी बस आली आणि टेबलापुढे रांग लागली. अर्ज, दिवा, नोटा, पावती. रांग संपली तेव्हा अमर धावत आला.

“ताई, मोरी-सान कुठे आहेत? प्रार्थना सुरू होते आहे.”

रिताने शेजारी पाहिलं. डबा आणि काठी तिथेच होती. बाबा नव्हते.

“तुह्या बापाच्या लुनावर बसून गेला तो म्हातारा,” कुंताबाई किटली उतरवत म्हणाली. “मस्त पाठीले धरून बसला होता.”

अमरचा चेहरा उतरला. परदेशी पाहुणा हरवला म्हणजे पोलीस, वकिलात, नोकरी, सगळंच आलं. त्याने घाबरून नागपूरला भय्याजींना फोन लावला आणि मग फोन रिताच्या हातात दिला.

“रिता,” भय्याजी म्हणाले, “आपण नोटा बदलतो. पाहुणे पळवत नाही. पेटीला कुलूप घाल आणि आधी त्यांना घेऊन ये. मग बाकीचं बोलू.”

बाकीचं म्हणजे काय, ते तिला समजलं. गाडीत अमरशेजारी बसून ती आसगावला निघाली तेव्हा पेटी मांडीवर होती. इतक्या वर्षांत तिच्याकडून एक नोट चुकीची गेली नव्हती. आता नोकरी गेलीच, असं तिने मनाशी धरलं.

शेताजवळ पोहोचल्यावर आधी लुना दिसली. मग बाभळीच्या फांदीला लटकावलेला, नीट घडी घातलेला एक परदेशी कोट दिसला. बांधीत चिखलाच्या पाण्यात बाया ओळीने उभ्या होत्या आणि काम थांबवून एकीकडेच बघत होत्या. तिथे पँट मांड्यांपर्यंत दुमडून मोरी वाकले होते. डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे कोवळ्या रोपांची, मूठ आणि उजव्या हाताने एकेक रोप खाली. मागे सरकत होते, पण पाण्यावर साधा तरंगही उठत नव्हता. त्यांनी लावलेली ओळ सुतळी धरल्यासारखी सरळ होती.

रिताची आई शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“रिता, कोन्या गावचा वं हा म्हातारा? हात त बाईसारखा चालते. पन लय दूर दूर लावून राहिला.” मग ती मोरींच्या शेजारी वाकली आणि त्यांच्या दोन रोपांच्या मध्ये तिसरं रोप खोचलं. “असं. इतकी खाली जागा नोको सोडू, तण माजते.”

मोरींनी ते तिसरं रोप पाहिलं. मग अगदी गंभीरपणे ते उपटलं आणि पुन्हा आपल्या अंतरावर लावलं. शकुंतलाबाईने परत मध्ये एक खोचलं. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पलीकडे धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसलेले तुलाराम म्हणाले, “जाऊ दे ना वं. त्याची ओळ त्याले लावू दे. पीक येईन तेव्हा पाहू.”

अमर जपानीत चढ्या आवाजात बोलायला लागला. तीन-चार वाक्यांनी त्याचा आवाज उतरला आणि शेवटी तो नुसताच उभा राहिला. मोरी बांधीतून बाहेर आले. गुडघ्यांपर्यंत चिखल तसाच होता. ते अमरपुढे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग शकुंतलाबाईकडे वळून तिच्यापुढेही वाकले. तिने गडबडून पदर डोक्यावर घेतला.

बाया मात्र एवढ्यावर सोडणार नव्हत्या. रोवणीच्या बांधीवर नवा माणूस आला की त्याची वाट अडवून चहापाण्याचे पैसे मागायचे, हा त्यांचा हक्कच. चिखलाचे हात पसरून त्या मोरींपुढे उभ्या राहिल्या. रिता मधे पडणार, तोच मोरींनी खिशातून ते दहाच्या नोटांचं पुडकं काढलं आणि प्रत्येकीच्या तळहातावर एकेक नोट ठेवली, दोन्ही हातांनी. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू काही हे पैसे घेण्यासाठीच कुणीतरी त्यांची वाट बघत होतं.

दुसऱ्या दिवशी भय्याजींचा फोन आला. ते पुष्कळ रागावले. काही झालं असतं तर, विंचू चावला असता तर, लुना उलटली असती तर. रिता ‘हो’ म्हणत राहिली. सगळं बोलून झाल्यावर ते थांबले.

“रोवणी सरळ केली का त्यानं?” त्यांनी विचारलं. “आमचे वडील पण धानवालेच होते.”

पुढच्या वर्षीपासून अमरने मोरींसाठी दुपारचा वेळच मोकळा ठेवला. मोरी दर फेब्रुवारीला यायचे. आधी टेबलाशी येऊन एक नोट बदलायचे, लहान नोटा मागायचे, अर्जावर सही करायचे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या तुलारामच्या खांद्यावर हात ठेवायचे. दोघं लुनावर बसून निघून जायचे. त्यांच्यात बोलणं असं नव्हतंच. तुलाराम झाडीबोलीत बोलायचे आणि मोरी जपानीत. मधूनमधून दोघंही एकदम मान हलवायचे. एका वर्षी धानावर करपा आला होता, तेव्हा तुलारामनी डाग पडलेलं पान दाखवलं. मोरींनी ते उलटून पाहिलं, दाताखाली धरलं आणि दुःखाने ‘च् च्’ केलं. त्या रात्री तुलाराम घरी सांगत होते, “त्याच्याकडं बी येते म्हनते करपा.”

“हे त्यानं सांगतलं का तुम्हाले?” शकुंतलाबाईने विचारलं.

“सांगाचं काय त्यात?”

शकुंतलाबाई आणि मोरींचं अंतराचं भांडण कधीच मिटलं नाही. ती दरवर्षी मध्ये खोचायची, ते दरवर्षी उपटायचे. शेवटी बांधीचा एक कोपराच तिने त्यांच्या नावाने सोडला. गावात त्याला ‘मोरीचा कोपरा’ म्हणू लागले. त्या कोपऱ्यात पीक जास्त आलं की कमी, हे तिने कुणाला कळू दिलं नाही. विचारलं की म्हणायची, “सारखंच येते बाप्पा.”

रिताच्या नशिबी रोवणी बघणं नसायचं. ती टेबलाशी बसायची. पण तिला तेही पुरायचं. यात्रेकरूंच्या नोटा इतक्या कोऱ्या आणि सरळ असायच्या की मोजताना बोटांना गार लागायच्या. कशावर कुणाचं नाव नाही, हिशेब नाही, बदाम काढलेला नाही. ‘इचि, नि, सान’ असं जपानीत मोजलं की समोरचे म्हातारे-म्हाताऱ्या तिच्याबरोबर मोजायला लागायचे. दुपारी कुंताबाई चहा द्यायची. संध्याकाळी पेटीला कुलूप लावताना स्तूपाकडून ढोलाचा संथ आवाज यायचा. वर्षभर नागपूरच्या त्या अरुंद खोलीत बसून जग तिच्यासमोरून नुसतं निघून जायचं. त्या दिवसांत ते थोडं थांबायचं.

मग कोरोना आला. दोन वर्षं मेळाच भरला नाही. दुसऱ्या वर्षी, मेच्या उन्हाळ्यात, शकुंतलाबाई गेली. भंडाऱ्याला दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. भय्याजींच्या दुकानाचा फळा कोराच राहिला. विमानं सुरू झाली तेव्हा लोकांकडे कार्डं आली होती आणि फोनवरच सगळं होऊ लागलं होतं. भय्याजींनी परवाना परत केला. शेवटच्या दिवशी त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. “रिता, आपल्या हातून कुणाचा प्रवास अडला नाही,” एवढंच म्हणाले.

लग्नानंतरही नोकरीसाठी नागपुरातच राहिलेली रिता आता पवनीला, नवऱ्याच्या घरी राहायला आली. तिचा नवरा योगेंद्र बिजलीच्या सामानाचं दुकान चालवतो. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात तिने बँकेचं सेवा केंद्र टाकलं. अंगठा लावून निराधारचे पैसे काढणाऱ्या म्हाताऱ्या, पोरांनी पाठवलेले पैसे घ्यायला येणारे बाप. नोटा मळक्या, घामाने मऊ झालेल्या. काम वाईट नव्हतं. पण कुणी कुठे निघालंय, हे त्यातून कळत नव्हतं.

यंदा जानेवारीच्या शेवटी अमरचा फोन आला.

“ताई, मोरी-सान येत आहेत. मधली वर्षं तब्येतीमुळे नाही आले. या वर्षी हट्टच धरला आहे. तुम्ही मेळ्यात असाल ना? तेच विचारत होते.”

“टेबल नाही आता,” रिता म्हणाली.

“माहीत आहे. पण तुम्ही या.”

ती स्कूटीवर आसगावला गेली आणि बाबांना मागे बसवून मेळ्यात घेऊन आली. तुलाराम आता वाकले होते. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पाय स्वच्छ होते. शेत गेल्या वर्षापासून त्यांनी ठेक्याने दिलं होतं. कुंताबाईची टपरी अजून होती, पण ती चालवायला आता तिची सून बसत होती. तिने दोघांना बाक पुसून दिला.

मोरी चाकाच्या खुर्चीत आले. अमर खुर्ची ढकलत होता. ते पहिल्यापेक्षा अर्धे झाले होते, पण टोपी तशीच कापडी होती. तुलाराम उठले आणि नेहमीसारखा खांदा पुढे केला. मोरींनी बसल्या बसल्या हात वर करून तो धरला.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातल्या नोटा दोन्ही हातांनी रितापुढे धरल्या.

रिताने अमरकडे पाहिलं. अमर म्हणाला, “मी सांगितलं होतं त्यांना. त्यांच्या लक्षात राहत नाही.” “आणि या वर्षी त्यांना तुमच्याशी स्वतः बोलायचं आहे, दुभाष्याशिवाय,” असं म्हणून त्याने आपला फोन मोरींच्या तोंडाजवळ धरला. हल्ली असा फोन आहे की एका भाषेत बोललं की दुसऱ्या भाषेत बोलून दाखवतो. मोरी बोलले. फोनमधली बाई मराठीत म्हणाली, “विमानतळावर मी पैसे बदलले नाहीत. रिता-सान दरवर्षी बदलून देतात.”

एवढ्या वर्षांत मोरींचं पहिलं वाक्य तिला समजलं, आणि ते हे होतं.

“माझं काम बंद झालं,” रिताने फोनला सांगितलं. “परवाना नाही. आता मी बदलून दिले तर तो गुन्हा होतो. मला माफ करा.”

फोनने तिचं बोलणं जपानीत सांगितलं. मोरींनी ते ऐकलं आणि नोटा हळूहळू पाकिटात परत ठेवल्या. मग इकडे-तिकडे बघत त्यांनी काही विचारलं.

“त्या बाई कुठे आहेत,” फोन म्हणाला, “ज्या माझी रोपं चुकीची आहेत असं म्हणतात?”

रिताने बाबांकडे पाहिलं. तुलारामनी फोन आपल्याकडे ओढला आणि शेतात हाक मारावी तशा मोठ्या आवाजात त्याला सांगितलं, “वारली ते. कोरोन्यात गेली.”

फोनला झाडीबोली नीट समजली की नाही, कोण जाणे. पण त्यातली बाई शांतपणे जपानीत दोन शब्द बोलली. मोरींनी खुर्चीचे हात धरले आणि उठायला लागले. अमर ‘नको, नको’ म्हणत होता. ते उठलेच. तुलारामपुढे उभे राहून ते वाकले, जेवढं वाकता आलं तेवढं. तुलारामना काय करावं ते कळेना. त्यांनी मोरींचे दोन्ही दंड धरले आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं.

“बस गा. बस,” ते म्हणाले.

टपरीवरून चहा आला. चहा पिऊन झाल्यावर मोरींनी पुन्हा ती अंगठ्याची आणि दोन बोटांची खूण केली. जायचंय का, असं तुलारामनी मानेने विचारलं. मोरींनी हो म्हटलं आणि मग खिशावर हात ठेवून चेहरा पाडला. बायांना द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

तुलारामनी धोतराच्या सोग्यातून आपले पैसे काढले. त्यातल्या दहाच्या आणि वीसच्या नोटा वेगळ्या करून त्यांनी मोरींच्या हातात ठेवल्या. मोरींनी लगेच पाकीट उघडलं आणि येनची एक नोट पुढे केली. तुलारामनी ती त्यांच्याच पाकिटात परत सारली.

“बाबा,” रिता म्हणाली, “त्यांच्याकडून काही घेऊ नका हं. मग तो नोटांचा बदल होते.”

“कायचा बदल? पाहुण्याले देऊन राहिलो मी. भाव-गीव नाही लावला.”

मोरींनी रुपये दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावले. रिताचा हात सवयीने पावतीपुस्तकाकडे जायला निघाला होता. समोर टेबलच नव्हतं, तेव्हा तिने तो गुडघ्यावर ठेवला.

अमरच्या गाडीतून ते आसगावला गेले. ठेकेदाराने यंदा रोवणीचं मशीन लावलं होतं. मशीन बांधीतून आवाज करत पुढे जात होतं आणि मागे हिरव्या ओळी पडत होत्या, सगळ्या सरळ, सारख्या अंतरावर. कोपऱ्यात, जिथे मशीन वळत नव्हतं, तिथे चार-पाच बाया हाताने रोवत होत्या. गाडी पाहून त्या वर आल्या आणि सवयीने हात पसरले. मोरींनी खुर्चीतूनच एकेकीला नोट दिली. त्यातल्या एकीने, आईच्या वयाच्या सखाबाईने, त्यांना ओळखलं. “मोरीबाबा व्हय ना? लय दिवसानं आले,” ती म्हणाली आणि चिखलाचा हात लुगड्याला पुसून त्यांच्या पाया पडली.

मोरी मशीनकडे बराच वेळ बघत होते. मग ते फोनपाशी बोलले. त्यांनीही आपलं शेत दिलं होतं. मुलगे शहरात आहेत. तिथे आता दुसऱ्या कुणाचं मशीन चालतं. मशीन चांगलं काम करतं, असंही ते म्हणाले.

“करते ना,” तुलाराम म्हणाले. “पन वाद नाही घालत.”

अमरने ते मोरींना जपानीत सांगितलं. मोरी आधी हसले, मग हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. तुलारामनी दुसरीकडे पाहिलं.

धुऱ्यावर पळसाची सावली होती आणि खाली थोड्या फुलांचा सडा पडला होता. तुलारामनी आपला शेला पसरला. अमरने आणि रिताने मोरींना उचलून त्यावर बसवलं. तुलाराम शेजारी बसले. मशीन पलीकडच्या टोकाला गेलं होतं. इकडे आता फक्त पाण्याचा वास आणि बायांचं हळू आवाजातलं बोलणं येत होतं. तुलाराम हाताने दाखवत मोरींना काहीबाही सांगत होते: कोणती बांधी कुणाची, नहराला पाणी कधी सुटलं, विहीर कुठे खचली. फोन अमरच्या खिशात होता. कुणी तो काढला नाही.

काही वेळाने तुलारामचा आवाज थांबला. रिताने वळून पाहिलं. मोरींची मान कलली होती आणि डोकं तुलारामच्या खांद्यावर टेकलं होतं. ते झोपले होते. तुलाराम न हलता, पाठ ताठ करून बसले होते आणि समोर बांधीकडे बघत होते.

अमरने घड्याळ पाहिलं. “ताई, बस निघेल. उठवू का त्यांना?”

“निघाली तर आपण सोडून देऊ गाडीनं,” रिता म्हणाली.

अमर थोडा घुटमळला आणि मग गाडीकडे गेला. रिता चप्पल काढून धुऱ्याच्या कडेला, पाण्यात पाय सोडून बसली. पाणी गार होतं. सखाबाई वाकून रोवत रोवत तिच्याजवळ आली आणि पऱ्ह्याची एक मूठ तिच्याकडे केली. रिताने ती घेतली.